गेर्डाचे बूट
नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्यांकडे स्वतःचं म्हणून काहीच उरलं नाही, असं म्हणतात, ते बहुतेकांबाबत खरंच. पण मला गेर्डा वाइसमन आठवली, पोलंडमधल्या बिएल्स्कोची ज्यू मुलगी. जून १९४२, ऐन उन्हाळा, आणि वडील हट्टाने सांगतात, बर्फात स्कीइंगला घालतात ते जाड बूट घाल! तिने मुकाट्याने घातले. वडील पुन्हा कधी भेटले नाहीत. १९४५च्या हिवाळ्यात नाझींनी छावण्यांतल्या हजारो बायकांना, त्यांत गेर्डालाही, बर्फातून पाचशेहून जास्त किलोमीटर चालवत नेलं. गोठून कुणाकुणाच्या पायाची बोटं तुटत होती. गेर्डाचे पाय मात्र टिकले. मे महिन्यात चेकोस्लोव्हाकियातल्या वोलारी गावात सुटका झाली तेव्हा तिचं वजन जेमतेम ३१ किलो होतं. आणि त्याच बुटांत दडवलेले घरच्यांचे फोटो अजून तिच्याजवळ होते.