प्रतिसाद: गिटार एकाच कानात का?

सांगलीच्या मित्राने विचारलंय, 'रामोन्स' या अमेरिकन पंक रॉक बँडच्या पहिल्या अल्बममध्ये (१९७६) डाव्या कानात गिटार जवळजवळ नाहीच, फाइल खराब आहे का? नाही हो, मिक्सच (कुठलं वाद्य कुठल्या बाजूला, ती मांडणी) तसं आहे: बास डावीकडे, गिटार उजवीकडे, गायकाचा आवाज आणि ड्रम मधोमध. सांगली-मिरज बसमध्ये एकच इअरफोन लावून ऐकलंत तर अर्धा बँड गायब! (१४ गाणी, जेमतेम २९ मिनिटं, मिरज येईतो बहुतेक संपतातच.)

गिटार शिकत असाल तर डावा-उजवा बॅलन्स पूर्ण उजवीकडे न्या. बँडचा गिटारवादक जॉनी, त्याचे स्ट्रोक जवळजवळ सगळे वरून खाली. वर-खाली वाजवलं की वेग सोपा होतो, पण तो करवतीसारखा एकसंध आवाज जातो. जोर मनगटातून हवा, मनगट सैल. कोपरातून मारलंत तर दुसऱ्या गाण्यातच हात भरून येतो.