कोकणातला घरखर्च: तुमच्या घरी पैसा कुठे वाचला, कुठे गळाला?

मे महिन्याची अखेर. माझ्या पडवीत आत्ता पाय ठेवायला जागा नाही. उकड्या तांदळाची दोन पोती, सुपांत आमसुलं, लाल मातीत घोळवलेल्या फणसाच्या आठळ्या, दोरीवर कांद्याच्या माळा. हे सगळं एकदा डब्यांत आणि माळ्यावर गेलं, की पुढचे चार महिने बाजाराचं तोंड फार बघावं लागत नाही. यंदा वाटलं, आपल्या किनाऱ्यावरच्या बाकी घरांत काय करतात ते विचारावं. रेवसपासून रेडीपर्यंत कुणीही लिहा. बचतीचे जे सल्ले वाचायला मिळतात ते शहरातल्या फ्लॅटचे असतात. आपल्याकडे विहीर आहे, पंप आहे, चार माड आहेत, खारी हवा आहे आणि चार महिने पाऊस आहे. आकडे असतील तर आकड्यांसकट लिहा, आणि फसलेलंही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. गाव देवगड तालुक्यात, घरात पाच माणसं. २०२० च्या टाळेबंदीत ह्यांचं हॉटेलातलं काम सुटलं, तेव्हापासून मी खर्चाची वही लिहिते. त्या दिवाळीत बेरीज मारली तेव्हा दिसलं, की सगळ्यांत जास्त पैसे जुलै-ऑगस्टात गेले होते, आणि तेही भाजीला. पावसात आपल्याकडे भाजी घाटावरून येते. घाटात दरड आली की भाव चढतो, वर बाजाराला जायचे रिक्षाचे पैसे वेगळे. सासूबाई दरवर्षी सांगायच्या, "आठळ्यो टाकू नको गो, पावसात उपयोगाक येतत." मी टाकत होते. आता टाकत नाही. आठळ्यांची भाजी, कुळथाची पिठी, परसातलं अळू, टाकळा, शेवग्याचा पाला, मध्ये मध्ये सुकी मासळी, असा आठवडा निघतो. जुलैचा किराणा आणि भाजी मिळून सहा हजारांच्या वर जायचे, गेल्या वर्षी तीन हजार आठशे झाले.

फसलेलं सांगते. २०२१ मध्ये पहिल्यांदाच हुरूपाने सगळी बेगमी केली, आणि १६ मेला तौक्ते वादळाने खळ्यात वाळत घातलेलं एकूण एक भिजवलं. आमसुलांना बुरशी आली, सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, फेकावे लागले. त्या दिवशी मी खळ्यात बसून रडले होते. तेव्हापासून खळ्यातलं वाळवण दहा मेच्या आत पडवीत उचलायचं, असा घरात नियम आहे.

हर्णै

ताई, आमचा धंदाच मासळीचा, म्हणून एक गोष्ट मनापासून सांगते. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात. म्हणून सगळे मेच्या शेवटच्या आठवड्यात आगोटीची, म्हणजे पावसाच्या बेगमीची, सुकी मासळी घ्यायला येतात, आणि तेव्हाच भाव सगळ्यांत चढा असतो. मार्चमध्ये घ्या. ऊनही चांगलं, मालही भरपूर. मुठीत दाबून बघायची, कडक लागली पाहिजे. मऊ लागली तर आत ओल आहे. घरी आणून दोन दिवस कडकडीत ऊन द्या, आणि गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम गरम भरली तर डब्यात घाम सुटतो आणि पंधरा दिवसांत सगळं वाया. सोडे महाग आहेत, नाकारत नाही. पण रोजच्या कालवणाला जवळा पुरतो, सोडे पाहुण्यांसाठी ठेवा. ताज्या मासळीचं म्हणाल तर वाटा वाटा घेण्यापेक्षा चार घरांनी मिळून लिलावातली टोपली उचला. आमच्या आळीतली शिक्षक मंडळी हेच करतात.

कुडाळ

बिल अचानक वाढलं असेल तर आधी हे करून बघा. आमचं दीडशे युनिटांचं बिल एका पावसाळ्यात अडीचशेवर गेलं. घरात नवीन काहीच घेतलं नव्हतं. दोन महिने आम्ही मुलांना टीव्हीवरून बोलत राहिलो, त्याचं आता वाईट वाटतं. शेवटी वाडीतल्या वायरमनने सांगितलं, मेन चालू ठेवून घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रीजचा प्लग काढा आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. दिवा लुकलुकत होता. आमच्या मीटरवर ३२०० छापलेलं आहे, म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला सात वेळा. हिशेब केला तर दिवसाला तीन युनिटांच्या वर, महिन्याला जवळजवळ पंचाण्णव. काहीही न वापरता!

कारण सापडलं ते विहिरीकडे. पंपाचा स्टार्टर विहिरीवर आहे, त्यामुळे पंप बंद असला तरी तिथपर्यंतची वायर चालूच असते. ती गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांखालून नेलेली, वरचं आवरण उंदरांनी कुरतडलेलं, आणि ओल्या मातीत वीज जिरत होती. पैशांचं सोडा, त्याच गडग्यावरून मुलगी अनवाणी शाळेत जायची. आठवलं की अजून अंगावर काटा येतो. नवी वायर पाइपातून नेली आणि बोर्डावर आरसीसीबी बसवला. आता गळती झाली की त्याच क्षणी वीज तुटते. आरसीसीबी बिल वाचवण्यासाठी बसवू नका, माणसं वाचवण्यासाठी बसवा. बिल आपोआप वाचतं.

रत्नागिरी

वरच्या अनुभवाला जोडून. बऱ्याच जणांना वाटतं की १०० युनिट ओलांडले की सगळंच बिल महाग दराने लागतं. तसं नाही. घरगुती दराचे टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत, आणि पुढचा दर फक्त पुढच्या युनिटांना लागतो. मात्र १०० नंतरच्या युनिटचा दर आधीच्या दुपटीच्या घरात जातो, म्हणून वाचवायचे ते हे वरचे युनिट.

आमच्याकडे ते पंख्यांत सापडले. दमट हवेमुळे इथे पंखा दिवसाचे चौदा तास चालतो, थंडीतही. जुना पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा २८ वॅटचा. एका पंख्यामागे महिन्याला साधारण वीस युनिट. पण घरातले पाचही पंखे बदलू नका. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षातून महिनाभर चालतो, त्याची किंमत कधी वसूल होणार? मी माजघर आणि झोपायची खोली, एवढे दोनच बदलले. आणखी एक: कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर बिलात थोडी सूट मिळते, आणि बिल लवकर भरण्याच्या तारखेच्या आत भरलं तर तिथेही थोडे सुटतात.

राजापूर, मुक्काम डोंबिवली

आमच्यासारख्यांचं घर दहा महिने बंद. तरी वीजबिलात स्थिर आकार येतोच, मीटर फिरो न फिरो. तो टळत नाही हे मान्य केलं. टळण्यासारखं होतं ते वेगळंच. गावच्या घरातलं इंटरनेट मी बारा महिने भरत होतो, बाबांच्या वेळेपासून. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. बंद करायला हात धजत नव्हता, त्यांचं काहीतरी चालू आहे असं वाटायचं. गेल्या वर्षी बंद केलं आणि त्या पैशांत कौलं परतून घेतली. बाबांना हेच आवडलं असतं.

घरपट्टीचं बघा. आमच्या ग्रामपंचायतीत ३० सप्टेंबरच्या आत भरली की ५ टक्के सूट मिळते. गणपतीला गावी जातोच, तेव्हाच भरून येतो. गणपतीचा प्रवास हा मात्र आमचा सर्वांत मोठा खर्च. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. जुन्या सवयीने कॅलेंडरवर खूण केलेली असेल तर ती बदला. साठावा दिवस मोजून सकाळी आठला बसायचं. चौघांचं परतीचं तिकीट हुकलं त्या वर्षी खासगी बसला जे मोजले त्यात आमचा दोन महिन्यांचा किराणा आला असता.

गुहागर

माहेर दापोलीला. पूर्वी गाडी चिपळूण-खेडवरून फिरवून न्यायचो. आता धोपाव्याला फेरीबोटीत चढवायची, दाभोळला उतरायची. तिकीट धरूनही पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं. मुलांना खाडी बघायला मिळते ती वेगळी.

अलिबाग तालुका

सोलर बसवावं का असं इथे बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमचे पत्रे उडाले होते. त्यामुळे छपरावर काही बसवायचं म्हटलं की आईचा जीव घाबरा व्हायचा. तरी गेल्या वर्षी तीन किलोवॅटचं बसवलं. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान आहे. आधी पूर्ण पैसे आपण भरायचे, अनुदान नंतर खात्यात येतं, तेवढी सोय हाताशी ठेवा.

उत्पादन: मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला बारा युनिटांपर्यंत, जुलैत कधी कधी चारही नाही. पहिल्या जुलैत मला वाटलं फसलो. पण उन्हाळ्यातले जास्तीचे युनिट खात्यावर पुढे ओढले जातात आणि पावसात वळते होतात, त्यामुळे एका महिन्याचा नाही, वर्षाचा हिशेब करायचा. आमचं पूर्वीचं बिल अडीचशे युनिटांच्या आसपास असायचं, म्हणून परवडलं. ज्यांचं बिल ऐंशी युनिटांचं आहे त्यांनी घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि खारी हवा! साध्या नट-बोल्टांना आठ महिन्यांत तांबेरा चढला. सांगाडा चांगला जस्त चढवलेला आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच मागा, वाऱ्यासाठी जादा आधार मागा. तिथे पाच हजार वाचवायला जाऊ नका.

वेंगुर्ले

आमच्याकडे गिझर नाही. न्हाणीत चूल, जळण म्हणजे नारळाची सोडणं (वरची साल), झावळ्यांच्या पिड्या (जाड बुडखे) आणि करवंट्या. चार माड असले तरी वर्षाचं पाणी तापतं. दोन किलोवॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, आम्ही सात माणसं, तुम्हीच मोजा. सोडणं पावसाआधी मांगरात भरून ठेवायची. न्हाणीचं पाणी केळींना आणि अळवाला जातं.

काजूची टरफलं मात्र जाळू नका. त्यातल्या तेलाने धूर डोळ्यांना आणि घशाला फार झोंबतो.

मालवण

वेंगुर्ल्याच्या वहिनींना एकच विनंती, धूर बाहेर जायला धुरांडं करून घ्या. माझ्या आईने चाळीस वर्षं चुलीपुढे काढली, आता तिला दम लागतो. आम्ही न्हाणीची चूल घराबाहेर पडवीच्या टोकाला नेली आणि वर पाइप काढला. स्वयंपाक मात्र गॅसवरच. एक सिलिंडर पूर्वी ३८ दिवस जायचा, आता ५० च्या पुढे जातो. केलं एवढंच: कुळीथ, वाल, चवळी रात्री भिजत घालायची, आणि पेज उकळली की पातेलं खाली उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायचं, तासाभरात शिजून मऊ होते. नवा सिलिंडर लावला की त्यावर खडूने तारीख घालते. घेताना वजनही करून घेते. भरलेल्या गॅसचं वजन १४.२ किलो, आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज यायला हवी.

सावंतवाडी

थोडक्यात: आईची रक्तदाबाची आणि साखरेची औषधं डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घेतो, खर्च निम्म्याच्याही खाली आला. एसटीत तिला ७५ पूर्ण झाल्यापासून तिकीट नाही, बायकोला अर्धं. तपासणीला तिघं जातो आणि दीड तिकिटात येतो.

कणकवली

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आमच्याकडे चतुर्थीला कर्ज व्हायचं. कुणी सांगितलं नव्हतं, पण मुंबईचे भाऊ येणार, त्यांना कमी दिसू नये म्हणून थर्माकोलचं मखर, झगमग माळा, पाच दिवस वाडीला जेवण. दोन वर्षांपूर्वी सोनं गहाण ठेवलं. सोडवायला चौदा महिने लागले. गेल्या वर्षी मी भावांना आषाढातच फोन केला आणि आकडा सरळ सांगितला. धाकटा गप्प झाला, मग म्हणाला, "दादा, आधी सांगायचं होतंस." आता खर्च तीन घरांत वाटला जातो. मखर नाही. पोरं रानात जाऊन कवंडाळं, हरणं, शेरवड, आंब्याचे टाळ आणतात आणि गणपतीवर टांगायची माटवी सजवतात, जशी माझ्या आजोबांच्या वेळी सजायची. बायकोचं मंगळसूत्र तिच्या गळ्यात आहे.

श्रीवर्धन

माझं लग्न नुकतंच झालंय, माहेर पुण्याचं. ताई, आठळ्या नेमक्या कशा ठेवायच्या? मी धुऊन डब्यात भरल्या, त्यांना मोड आले.

देवगड

मोड आलेल्याही चालतात गं, त्या आजच भाजीत घाल. पुढच्या वेळी फणस संपल्यावर आठळ्या धू, बुळबुळीत आवरण काढ, आणि सावलीत दोन-तीन दिवस वाळव, उन्हात नको. मग ओलसर लाल मातीत घोळवायच्या आणि सुकल्यावर टोपलीत, चुलीच्या वरच्या बाजूला उबेला ठेवायच्या. झाकण नको, वारा लागला पाहिजे. आमच्या गौरी-गणपतीपर्यंत पुरतात. आणि कणकवलीचे दादा, तुमचं वाचून ह्यांनी वही मागून घेतली. आत्ता पडवीत बसून चतुर्थीचं पान उघडलंय. आभाळ दाटून आलंय, मी आमसुलं उचलायला जाते.