गिझरवर २००० वॉट लिहिलंय, मोजल्यावर १४६७ येतात. कॉइल गेलं का?

गच्चीवरची_टाकी
१५ लिटरचा गिझर, प्लेटवर २३० व्होल्ट, २००० वॉट. चालू असताना सॉकेटवर २०१ व्होल्ट आणि क्लॅम्प मीटरवर ७.३ अँपिअर, म्हणजे १४६७ वॉट. पण २००० ला २०१ ने भागलं की ९.९५ अँपिअर येतात. कॉइल खराब झालंय का? गिझर बंद केला की त्याच सॉकेटवर २२३ व्होल्ट दिसतात. डीबीपासून (घरातल्या मेन स्विचबोर्डपासून) अडीच चौरस एमएमची कॉपर वायर, साधारण २५ मीटर.
दुसरी शंका: अर्धा एचपी मोटरचं वाइंडिंग मल्टिमीटरवर ७ ओहम दाखवतं. २०५ भागिले ७ म्हणजे २९ अँपिअर, पण चालताना घेते ४.१. ओहमचा नियम इथे का लागत नाही?

निक्रोम
कॉइल ठणठणीत आहे. तुम्ही २००० हा आकडा कायमचा धरलात, तिथे गणित फसलं. कॉइलचा कायम राहतो तो रेझिस्टन्स, वॉट नव्हे. २०१ भागिले ७.३ म्हणजे २७.५ ओहम. आता पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तर २३० चा वर्ग भागिले २७.५, म्हणजे १९२४ वॉट. हीटिंगच्या उपकरणाला लेबलपेक्षा ५ टक्के जास्त किंवा १० टक्के कमी चालतं, त्यात हे बसतं. व्होल्टेज पडलं की कॉइलचा करंटही पडतो, म्हणून वॉट वर्गाच्या हिशोबाने घसरतात. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला १९२४ वॉटवर १९ मिनिटं लागतात, १४६७ वर २५. टाकीतून झिरपणारी उष्णता धरलेली नाही.
खात्री हवी असेल तर एमसीबी (ओव्हरलोडला आपोआप पडणारा स्विच) पाडा, कॉइलची एक वायर सोडवा आणि मगच ओहम मोजा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो वजा करा. निक्रोम, म्हणजे कॉइलचा मिश्रधातू, गार आणि गरम यात थोडाच फरक दाखवतं. हाच प्रयोग १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बवर केलात तर गार फिलामेंट ४० ओहमच्या आसपास दिसेल, पेटल्यावर मात्र ५२९. त्यामुळे बल्बचे वॉट मल्टिमीटरने काढू नयेत.

लोडशेडिंग
स्टॅबिलायझर लावा, २३० मिळतील. विषय संपला.

तिसरी_वायर
स्टॅबिलायझर अजिबात नको. या धाग्यातला महत्त्वाचा आकडा २००० नाही, २२३ वरून २०१ हा आहे. ७.३ अँपिअरला २२ व्होल्ट पडतात, म्हणजे गिझरच्या वाटेत ३ ओहम कुठेतरी बसलेत आणि तिथे १६० वॉट जळताहेत. स्टॅबिलायझर २३० द्यायला लाइनमधून जवळपास १० अँपिअर ओढेल, मग त्याच ३ ओहमवर ३०० वॉट जळतील. शिवाय त्याचा स्वतःचा लॉस वेगळाच.
तुमच्या वायरचा हिशोब: जाऊन-येऊन ५० मीटर × ०.०१७२ (एक मीटर लांब, एक चौरस एमएम तांब्याचे ओहम) भागिले २.५ = ०.३४ ओहम, म्हणजे अडीच व्होल्ट. बाकीचे साडेएकोणीस कुठे जातात ते शोधा. गिझर चालू ठेवून तीन ठिकाणी व्होल्टेज घ्या: मीटरच्या आउटगोइंगला, डीबीत एमसीबीच्या खालच्या टोकाला, सॉकेटवर. डीबी उघडून चालू लाइनवर मोजायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा. पोलवरून येणारी सर्व्हिस वायर कुठली आहे?

फिरता_रोटर
मोटरचं उत्तर. ७ ओहम हा फक्त तांब्याचा डीसी रेझिस्टन्स. एसीवर वाइंडिंगचा रिअ‍ॅक्टन्सही (बदलत्या करंटला कॉइलच्या चुंबकत्वामुळे होणारा विरोध) आडवा येतो, आणि रोटर फिरायला लागला की वाइंडिंगमध्ये उलटं व्होल्टेज तयार होतं, म्हणून करंट ४.१ वर थांबतो. रोटर जाम झाला की ते उलटं व्होल्टेजच उरत नाही. करंट कैकपट होतो, वाइंडिंग जळतं.
२०५ × ४.१ = ८४० हे व्हीए (नुसता व्होल्ट गुणिले अँपिअर) आहेत, वॉट नाहीत. वॉट काढायला वीज मीटर वापरा. बाकी सगळं बंद, फक्त मोटर चालू. मीटरवर युनिटला किती इम्पल्स (दिव्याच्या लुकलुकी) ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे आणि लाल दिवा १० वेळा लुकलुकायला १७ सेकंद लागले, तर ३६,००,००० (एका युनिटचे वॉट-सेकंद) × १० भागिले (३२०० × १७) = ६६२ वॉट. पॉवर फॅक्टर, म्हणजे वॉट भागिले व्हीए: ६६२ भागिले ८४०, म्हणजे ०.७९. पहिली लुकलुक शून्य मोजा, नाहीतर आकडा दहा टक्क्यांनी चुकतो.
क्लॅम्प एकाच वायरभोवती हवा. फेज-न्यूट्रल दोन्ही जबड्यात घेतलेत तर शून्य दिसेल.

गच्चीवरची_टाकी
गिझर चालू असताना मीटरला २१७, डीबीत २१६, सॉकेटवर २०१. सर्व्हिस वायर अ‍ॅल्युमिनियमची, ४ एमएम, पोल ६० मीटरवर.

तिसरी_वायर
बाहेरचं जुळतं. अ‍ॅल्युमिनियमला ०.०२८ धरून १२० मीटरचे ०.८४ ओहम, त्याचे ६ व्होल्ट. लोडला ती वायर बारीकच आहे, बदलायला अर्ज करा, पण घाई नाही.
घाई डीबी ते सॉकेटची आहे. १५ व्होल्ट भागिले ७.३ म्हणजे २.०५ ओहम, त्यातून वायरचे ०.३४ गेले तर १.७ उरतात. ७.३ चा वर्ग × १.७ = ९१ वॉट, बहुधा एकाच सैल जोडावर. सोल्डरिंग आयर्न ३० वॉटचं असतं. एवढ्या करंटला १६ अँपिअरचा एमसीबी पडणार नाही, कारण ओव्हरलोड झालेलाच नाही.
आजपासून गिझर बंद. मेन पाडून सॉकेटच्या मागचे स्क्रू, मधले जंक्शन बॉक्स आणि न्यूट्रल लिंक (डीबीतली न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी) उघडा. न्यूट्रल आधी बघा, फेजकडे लक्ष जातं आणि तो तसाच राहतो. काळवंडलेलं किंवा ताठरलेलं इन्सुलेशन दिसलं की तिथवर वायर कापा, ताजं तांबं सोला. पिरगळून टेप गुंडाळलेला जोड असेल तर काढून कनेक्टर लावा. सॉकेटची पितळी पकड निळसर झाली असेल तर १६ अँपिअरचं नवं सॉकेट बसवा, आणि गिझरचा प्लगही बदला, नाहीतर जुन्या पिना नवीन सॉकेटही खराब करतील. मग गिझर लावून पुन्हा मोजा: डीबी आणि सॉकेटमध्ये ३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर अजून एक जोड राहिलाय.