मळा ग्रुप: लोडरवाला छोटा ट्रॅक्टर घ्यायचा का?

दादा: सगळ्यांनी वाचा, या आठवड्यात ठरवायचंय. जुना ट्रॅक्टर आता काढायचाच. या वेळी पुढे लोडर, म्हणजे माल भरून उचलणारी बकेट, बसणारा छोटा बघतोय. फवारणीला द्राक्षबागेत तोच आणि ऑक्टोबर छाटणीआधी शेणखत भरायलाही तोच. मजुरांचं तुम्हाला माहीतच आहे. मागच्या वर्षी १४ ट्रॉल्या खत बांधावर उतरवलं आणि ते वेलींच्या बोदापर्यंत न्यायला १९ दिवस गेले.

वहिनी: १९ नाही, २१. शेवटचे दोन दिवस मी आणि आत्याच होतो. ओलं शेणखत पाटीतून गळतं, मानेवरून पाठीत पाणी उतरतं आणि खाली चिखलात पाय रुततो. माझं तर आधीच हो आहे.

नाना: महिंद्राचा जिवो २४५ बघा. शेजारच्या मळ्यात आहे. ७५० किलो उचलतो म्हणतात. आपल्याला तेवढं बास झालं.

मामा: नाना, तो ७५० चा आकडा मागच्या, अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा आहे. कुबोटाच्या बी२४४१ चाही तेवढाच सांगतात. पुढच्या लोडरचा त्याच्याशी काही संबंध नाही. लोडर किती उचलणार हे त्याचे सिलिंडर, पंपाचं प्रेशर, ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन आणि पुढचा धुरा यावर ठरतं. हा गोंधळ दुकानातसुद्धा होतो, म्हणून आधीच सांगतोय.

छोटू: दादा, मी इथे नॉर्थ कॅरोलायनात ५ एकरावर २५ एचपीचा लोडरसकट वापरतोय, चौथं वर्ष आहे. याला गियर नाहीत, हायड्रोस्टॅटिक आहे. पायाखाली पेडल, पुढे दाबलं की पुढे, मागे दाबलं की मागे. लोडरच्या कामात मिनिटाला चार वेळा पुढे-मागे करावं लागतं, तेव्हा हे फार कामाला येतं. तसा तिकडे मिळतो का बघ.

दादा: आपल्याकडे या आकारात बहुतेक गियरवालेच आहेत रे. पण महिंद्राने २०२३ च्या १५ ऑगस्टला ओजा आणला, त्यात शटल आहे. १२ गियर पुढचे, १२ मागचे. लिव्हर पुढे-मागे केली की दिशा बदलते, रिव्हर्स शोधत बसावं लागत नाही. त्यातला २१२७ म्हणजे २७ एचपीचा, फोर व्हील, चारही चाकं ओढणारा. माझी नजर त्याच्यावर आहे.

ताई: दादा, एक विचारू? गेल्या वर्षी तो भाड्याचा लोडर आणला होतास तेव्हा काय झालं होतं? तू फोनवर नीट सांगितलं नव्हतंस.

दादा: सांगतो. तेव्हा नानांना कळू द्यायचं नव्हतं म्हणून गप्प बसलो.

विहिरीकडच्या रस्त्याला मुरूम टाकायचा होता. भाड्याने आणलेला तीस एचपीच्या आतला टू व्हील होता, पुढे गावातल्याच कुणीतरी बनवलेला लोडर. मागे लिंकेजला, म्हणजे अवजार जोडतात तिथे, काही नव्हतं, मोकळा. मी बकेट शिगोशीग भरली आणि पुढचं दिसावं म्हणून छातीच्या वर उचलली. ओढ्याकडचा उतार आहे ना, तिथे आलो आणि मागून एकदम हलकं वाटलं. ब्रेक दाबला, ट्रॅक्टर थांबेना. मागची चाकं जमिनीला नुसती टेकून घसरत होती. आपल्या ट्रॅक्टरला ब्रेक मागच्याच चाकांना असतो, आणि मागे वजनच नाही तर ब्रेक धरणार कुठे? स्टिअरिंगही जड झालं, कारण सगळा भार पुढच्या दोन चाकांवर. मी लिव्हर ढकलून बकेट खाली सोडली. ती जमिनीत घुसली तेव्हा थांबला. ओढ्याचा काठ तिथून चार पावलांवर होता.

त्या दिवसापासून मी एचपी विचारणं सोडलंय. पहिला प्रश्न एकच, मागे वजन किती येणार?

नाना: मला सांगायला हवं होतंस.

दादा: हो नाना, चुकलं.

मामा: दादा, बरं झालं लिहिलंस. हिशेब करून दाखवतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मुरुमाचं वजन ब्रासला साडेचार टनांच्या आसपास. तुझ्या बकेटमध्ये ५ घनफूट बसतं असं धरलं तर एक बकेट सव्वादोनशे किलोची. तीच बकेट कुजलेल्या शेणखताची ऐंशी-नव्वद किलोची. म्हणजे खताला जो लोडर हसत चालतो तोच मुरुमाला ट्रॅक्टर उलटवू शकतो. बकेट तीच, भरलेला माल बघायचा.

छोटू: आमच्याकडे मागे सिमेंटचा ठोकळा लावतात. मी प्लास्टिकच्या पिंपात काँक्रीट ओतलं, त्यात लिंकेजच्या पिना बसवून घेतल्या. कधी रोटर मागे अडकवून ठेवतो, तेही चालतं.

मामा: तेच करायचं. मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरता येतं, त्यानेही वजन येतं. लोडरच्या कामाला डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकचे दोन्ही पेडल पट्टीने एकत्र जोडायचे. बागेत वळताना सुटे वापरायची सवय असते, ती इथे घातक. आणि भरलेली बकेट नेताना गुडघ्याच्या खालीच ठेवायची.

आणखी एक. गावातल्या वर्कशॉपात लोडर बनवून घेणार असाल तर त्याची फ्रेम कुठे बसवतात ते वाकून बघा. छोट्या ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लचहाउसिंग, गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले, तोच त्याचा कणा. फ्रेम नुसती पुढे इंजिनपाशी कसली तर सगळा ताण तिथल्या ओतीव भागावर येतो आणि तो तडकतो. मी असा तडकलेला क्लचहाउसिंग हातात घेऊन बघितलाय. फ्रेमचे हात मागच्या धुऱ्यापर्यंत जायला हवेत. वॉरंटीचंही कंपनीकडून कागदावर घ्या, तोंडी नको.

वहिनी: मामा, फवारणीच्या दिवशी लोडर काढायला लागेल ना? मागे ब्लोअर, फवारणीचा पंखा, लावून ओळीत शिरताना लोडर पुढे तीन फूट निघालेला असणार. ओळीच्या टोकाला मांडव ताणून धरणाऱ्या अँकरच्या तारा आहेत. वळताना पहिल्यांदा त्याच तुटतील.

मामा: बरोबर पकडलंत. पिना काढून, नळ्यांचे कपलर सोडून, स्टँडवर उभा करता येणाराच घ्या. वीस मिनिटांत निघाला पाहिजे. बोल्टने कायमचा बसवलेला तुमच्या कामाचा नाही.

ताई: मी पैशांचं बघते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा कोटेशन जुन्या दराचं आलं तर परत पाठव. आणि दादा, सरकारी अनुदानाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज वहिनीच्या नावाने करू. सातबाऱ्यावर तिचं क्षेत्र आहे आणि महिला शेतकऱ्याला अनुदानाची टक्केवारी जास्त आहे. पण पूर्वसंमती हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरायचा नाही. आधी खरेदी केली तर अनुदान जातं. "या आठवड्यात" वगैरे विसर.

दादा: ती संमती छाटणीच्या आत आली नाही तर?

वहिनी: तर या वर्षी खतापुरता लोडर भाड्याने आणू, पण मागे ठोकळा लावलेला. घाईने घेतलेली वस्तू पंधरा वर्षं वापरायची आहे.

नाना: सूनबाईंचं बरोबर आहे. थांबा. आणि मुरुमाचं काय करणार?

दादा: मुरूम, विहिरीचा गाळ, दगड, सगळं तासावर जेसीबी सांगून. आपला लोडर खत, काडीकचरा, खताच्या गोण्या एवढ्यालाच. मी तर म्हणतो बकेटच्या पाठीला ऑइलपेंटने लिहून ठेवू, मुरूम भरू नये. पोरगं उद्या चालवायला बसणार आहे.

फोर व्हील मात्र मी सोडणार नाही. छाटणीनंतर परतीचा पाऊस आला की काळ्या रानात टू व्हील ब्लोअरसकट रुततो, आणि डाऊनी, तो बुरशीचा रोग, नेमका त्याच दिवसांत येतो. फवारणी दोन दिवस चुकली तर घड हातचे जातात. लोडरच्या कामातही मागची चाकं हलकी झाली तर पुढची ओढतात.

छोटू: रॉप्स आहे का त्याला? मागची कमान रे, उलटला तर ड्रायव्हर वाचतो ती. माझ्या ट्रॅक्टरला आहे, पट्टा बांधल्याशिवाय मी बसत नाही.

दादा: मांडवाखाली ती तारांना अडकेल.

छोटू: दुमडणारी येते. बागेत शिरताना खाली पाड, लोडर चालवताना उभी कर. दादा, ओढ्याचं वाचल्यापासून हात थरथरतोय माझा. ही एक गोष्ट माझ्यासाठी कर. पैसे मी देतो.

दादा: करतो. पैशांचं राहू दे.

वहिनी: डेमो शोरूमच्या अंगणात नको, आपल्या बागेत घ्यायला सांगा. मी बसून बघणार. जुन्या ट्रॅक्टरच्या क्लचला माझा पाय पुरत नाही, सीटच्या टोकावर सरकून बसावं लागतं. आणि बकेट टायरांच्या बाहेरच्या कडेपेक्षा थोडी रुंद हवी, नाहीतर टायर ढिगावर चढतं.

मामा: आधी ओळी मोजा. कागदावर ९ फूट लिहिलंय म्हणून सगळीकडे ९ असेलच असं नाही.

वहिनी: आत्ताच मोजून आले. बहुतेक ओळी ९ भरतात. विहिरीकडच्या तीन ओळींना मांडवाचे लोखंडी अँगल आत कललेत, तिथे ७ फूट १० इंच आहे. अँकरपासून बांधापर्यंत वळायला १३ फूट, पण लिंबाच्या झाडाशी ११ च.

दादा: त्या तीन ओळींचे अँगल मी उद्या सरळ करून घेतो. लिंब तोडायचा नाही, तिकडून वळायचंच नाही.

नाना: लिंब राहू दे.