अर्धवेळ पगारात शैक्षणिक कर्जाचा हप्ता कसा बसवायचा?

प्रश्न: पदवी झाली, काम अर्धवेळ. मुद्दल ५ लाख, व्याज १० टक्के, मुदत ७ वर्षं. हप्ता झेपत नाही. जमेल तेवढं भरलं तर चालेल का?

उत्तर १: नुसतं व्याजच महिन्याला साधारण ४,१६७ होतं. त्याहून कमी भरलंत तर कर्ज फुगत जाईल. हप्ता चुकण्याआधीच बँकेकडे मुदतवाढीचा लेखी अर्ज करा. एकदा खातं थकलं की दंड लागतो, पतही घसरते.

उत्तर २: मुदतवाढ जपून घ्या! ७ वर्षांना हप्ता सुमारे ८,३००, १० वर्षांना ६,६००. पण एकूण व्याज ९५ हजारांहून जास्त वाढतं. कमाई वाढली की जादा रक्कम भरा, मात्र ‘मुद्दलात जमा करा’ असं लेखी कळवा. नाहीतर ती पुढचा हप्ता म्हणून धरली जाऊ शकते.