थंडीतली कागदकामं, वय 3 ते 5, प्लीज मदत करा

सानू_मिहीरची_आई (पुणे)
नमस्कार, आमच्या सोसायटीतली सहा पोरं दर शनिवारी सकाळी माझ्याकडे असतात, सगळ्यात धाकटा पावणेतीनचा आणि मोठी साडेपाचची, तर थंडीचं काहीतरी कागदाचं करूया म्हणून व्हिडिओ बघून ते बर्फाचे पांढरे स्नोफ्लेक करायला घेतले आणि पार फज्जा उडाला. घडी घातली की कागद इतका जाड होतो की पोरांच्या त्या बोथट कात्रीने कापलाच जात नाही, शेवटी सहाही मीच कापत बसले आणि पोरं स्टेपलरशी खेळत होती 😀 संक्रांतीपर्यंत तीन शनिवार आहेत. ओरिगामी या वयात जमते का हो? की नुसतं चिकटवाचिकटवीच करायची? घरात घोटीव कागद, क्रेप आणि जुने पेपर भरपूर आहेत.

बालवाडी_ताई
जमते की, पण एकच घडी धरा आणि ती सगळे शनिवार चालवा. मी वर्गात फक्त पतंगाची घडी घेते. चौकोनी कागद (बाजारात 15 सेंमीचे मिळतात पण लहान हातांना 20 चा बरा पडतो), रंगीत बाजू खाली, समोरासमोरचे दोन कोपरे जुळवून एक तिरकी रेघ पाडायची आणि उघडायचं. मग एका कोपऱ्याच्या दोन्ही कडा त्या मधल्या रेघेवर आणायच्या. झाला पतंग! शेपटी लावली की संक्रांत. नारिंगी कागद घेतलात तर लांब टोक खाली धरून वरचं छोटं टोक मागे दुमडायचं, हिरव्या क्रेपच्या पट्ट्या फाडून डोक्यावर चिकटवायच्या की गाजर, तेही थंडीचंच ना. हेच पांढऱ्या कागदाचं केलं की मुळा, माझ्या वर्गात मुळ्याला का कोण जाणे जास्त मागणी असते.

तीन वर्षांच्यांना कडा रेघेवर आणता येत नाहीत हे धरूनच चला. ती मधली रेघ आधी स्केचपेनने गडद काढून द्या आणि घडी "इस्त्री" कर म्हणा, नखाने दाबायचं काम त्यांना भयंकर आवडतं. आणि वाकडी आली तर परत उलगडून नीट करून देऊ नका हो, आया हे हमखास करतात. पावणेतीनवाल्याला मात्र घडीच नको, त्याला कागद फाडायला द्या.

मिनेसोटाकर
आमच्याकडे नोव्हेंबरपासून खराखुरा बर्फ असल्यामुळे स्नोफ्लेकला पर्याय नाही 😄 पण कात्री सोडा. कागदाच्या तीन सारख्या पट्ट्या कापून द्या, मधोमध एकमेकींवर आडव्यातिडव्या चिकटवल्या की सहा हात होतात, त्यावर मुलं बारीक तुकडे चिकटवत बसतात. सहाच का, तर बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनात बसतात म्हणून. व्हिडिओत चौकोनी घडीतून चार नाहीतर आठ हातांचे करतात, ते दिसायला छान पण तसे आकाशातून पडत नाहीत. माझी लेक काळ्या हातमोज्यावर बर्फ झेलून हात मोजते आणि मग घरातल्या कागदी स्नोफ्लेकमधल्या चुका काढते. पुण्यात मात्र कशाला हा हट्ट, उगाच.

येवलेकर_आजोबा
बाई, पतंग करताय तर शेपटी विसरू नका आणि पोरांना पळवायला साधा लोकरीचा दोरा बांधा, मांजा अजिबात नको. आमच्या येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्चीवरून कोणी खाली उतरत नाही, पण एवढुशा पोरांच्या हातात आम्हीही नुसती शेपटीच देतो. घोटीव कागदाचा उडणार नाही, जड असतो. उडवायचाच असला तर पतंगी कागद आणा. आणि ते फेव्हिकॉल ओतू नका, कागद भिजून गोळा होतो, कणकेची खळ करा आणि बोटाने लावू द्या, पोटात गेली तरी काही बिघडत नाही. ओरिगामीवाले म्हणतील चिकटवायचंच नाही, म्हणू देत.

सानू_मिहीरची_आई (पुणे)
काका, खळ खरंच मस्त आयडिया. ताई, त्या घडीपासून अजून काय होतं? आणि धाकट्याने सगळा पेपर फाडून संपवला की त्याचं पुढे काय करू? 🙈

बालवाडी_ताई
त्याच्या तुकड्यांची शेकोटी करा. तपकिरी कागदाच्या सुरळ्यांची लाकडं, त्यावर लाल-पिवळे फाटके तुकडे ज्वाळांसारखे, फाटलेली कड कापलेल्यापेक्षा जास्त खरी दिसते.

आणि मोठ्यांना रोहित पक्षी (फ्लेमिंगो). पतंगाची घडी गुलाबी कागदाची, लांब टोक वर वळवून मान, त्याचंच टोक परत वाकवून चोच, मग सगळं मधोमध बाहेरच्या बाजूने दुमडायचं आणि मान जरा वर ओढायची. चोचीला काळं स्केचपेन, पायाला खराट्याच्या दोन काड्या. भिगवणला जाऊन खरे रोहित बघून या जमलं तर, पुण्याहून जवळ आहे.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी हलव्याचे दागिने घ्या. काळ्या कार्डशीटचा मुकुट तुम्ही कापा आणि पांढऱ्या क्रेपचे बारीक गोळे पोरांना चिमटीत चुरगळून चिकटवू द्या. पुढे पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. बोरन्हाण असेल कोणाचं तर तोच मुकुट चालेल.

सानू_मिहीरची_आई (पुणे)
आज गाजरं आणि रोहित झाले! सहापैकी दोन रोहित उभे राहतात, बाकीचे "झोपलेत" असं ठरलं. साडेपाचवालीने तिचा राखाडी कागदाचा केला, विचारलं तर म्हणे हे पिल्लू आहे, मोठं झालं की खाऊन खाऊन गुलाबी होईल. शोधून बघितलं तर खरंच तसंच असतं की! धाकट्याची शेकोटी फ्रीजवर लावलीये, खळीमुळे मुंग्या येतायत काका, आता काय करू?

येवलेकर_आजोबा
खळीत चिमूटभर मोरचूद घालतात पण लहान पोरं आहेत म्हणून मुद्दाम नाही सांगितलं, विषारी असतं ते. शेकोटी गॅलरीत उन्हाला टाका.