'हीरो'चे रंग: कथा की नुसती रंगपंचमी?

खलबत्ता: काल इथे एकाने ठोकून दिलं, चिनी दिग्दर्शक झांग यिमौने 'हीरो' या तलवारबाजीच्या चित्रपटात (२००२) रंगपंचमी खेळून कथेचा दुष्काळ झाकलाय. डोकंच फिरलं. अहो, तिथे रंग हीच कथा! राजाच्या मारेकऱ्यांना मी संपवलं, अशी जेट ली राजाला सांगतो ती हकिगत लाल: मत्सर, सूड आणि निव्वळ थाप. राजा थाप पकडून स्वतःचा अंदाज बांधतो, तो निळा. खरं घडलं ते पांढरं, आणि त्याच्या पोटात एक जुनी आठवण हिरवी. माणसं तीच, कपडे बदलले की सांगणारा बदलला. पिवळ्या पानांतली ती लढाई आठवा. मून ही शिष्या मरते आणि अख्खं रान लाल होत जातं.

तिरशिंगराव: ठोकून देणारा मीच. जपानच्या कुरोसावाने १९५० साली 'राशोमोन' कृष्णधवलात केला. एका घटनेच्या चार हकिगती, कोणाचा गोंधळ झाला नाही. कपडे बदलून समजवावं लागतं म्हणजे पटकथा लंगडी.

खलबत्ता: 'राशोमोन'मध्ये खरं काय ते ठरतच नाही. इथे थाप, अंदाज, सत्य अशी उतरंड आहे. उतरंडीला खुणा लागतात.

माजघर: पांढरा म्हणजे सत्य? चीनमध्ये सुतकात पांढरं घालतात. शेवटी ते मारेकरी जोडपं मरतं तेही पांढऱ्यातच. आणि लाल म्हणजे प्रेम-मत्सर हे कोणी ठरवलं? माझी पणजी विसाव्या वर्षी विधवा झाली. केशवपन आणि मरेपर्यंत लाल आलवण.

तिरशिंगराव: झालं! तलवारबाजीत आलवण. उद्या सोवळं-ओवळंही आणा.

चिंचोके: आलवण सगळ्यांकडे नव्हतं हो. आमच्या आजीला पांढरं लुगडं. तुमच्या घरचं ते महाराष्ट्राचं असं नसतं.

माजघर: मी 'माझी पणजी' म्हटलंय, महाराष्ट्र नाही. नीट वाचा. आणि तिरशिंगराव, तिने ते लुगडं रोज धुऊन पिळून नेसलं. तुम्ही रंग फक्त पडद्यावर पाहिलेत.

खलबत्ता: भांडू नका, हे माझ्याच बाजूचं आहे. लालला स्वतःचा अर्थ नाही, कोण सांगतंय त्यावरून तो येतो.

तिरशिंगराव: वा, पणजीही तुमच्याच पक्षात! बरं, पानं लाल होतात ते मानलं. पण सगळी उलटतपासणी करून शेवटी 'तिआनश्या'च्या (आभाळाखालचं सगळं एक) नावाखाली त्या हुकूमशहा राजाला जीवदान? ते कुठल्याही रंगात पटत नाही.

चिंचोके: शेवटाचं मलाही खटकलं. माजघर, आलवणातला फोटो आहे का?

माजघर: आहे एक. कृष्णधवल.